चिठ्ठीच्या जागी काय? जुन्या प्रेमपटावरून मालिका बांधताना

जुना प्रेमपट मालिकेत आणायचं ठरलं की पहिली चर्चा सुरू होते ती नायिका कोण आणि ते गाणं ठेवायचं का, यावर. हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा: त्या चित्रपटात दोघांच्या मध्ये नेमकं काय उभं होतं, आणि तीच गोष्ट आज वाईत, कोरेगावात किंवा साताऱ्यात घडली तर त्याच्या जागी काय उभं राहील? याचं उत्तर एका वाक्यात कागदावर येत नाही तोवर लोकेशन बघायलाही निघू नये. रीमेक फसतो तो बहुतेक वेळा नटांमुळे नाही, तर मधला अडथळा जुनाच ठेवल्यामुळे.

सोयीसाठी एक नमुना कथा धरू. ती कुठल्या एका चित्रपटाची नाही, पण त्या काळच्या बऱ्याच कथांचा सांगाडा असाच असायचा. १९६४ साल, कृष्णधवल. वाईजवळच्या वाड्यातली मुलगी आणि गावात बदलून आलेला शिक्षक. घाटावर ओळख होते. तो चिठ्ठी लिहितो, ती तिच्या चुलत्याच्या हाती पडते. उत्तर येत नाही म्हणून तो गाव सोडतो, तिचं लग्न होतं. ‘काही वर्षांनंतर’ अशी पाटी येते. पुन्हा भेट होते तेव्हा तिला क्षय झालेला असतो. लांबी १४० मिनिटं, गाणी आठ.

आधी चित्रपट मोजा

चित्रपट तीनदा बघायचा. पहिल्यांदा घड्याळ आणि वही घेऊन: प्रत्येक सीन कितव्या मिनिटाला सुरू झाला, कोणाला काय हवं आहे, कोण आडवं येतं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. त्यात नजरा, हातातल्या वस्तू, कोण कुठे उभं राहतं हे कळतं. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त ऐकायचा. जे ऐकूनही समजतं ते संवादांनी पेललेलं आहे, आणि मालिकेत तेच सर्वात लवकर शिळं वाटतं.

वहीत एक रकाना ‘अंतर’ नावाचा ठेवा. सीन संपताना दोघं जवळ आले, लांब गेले की होते तिथेच राहिले, एवढंच त्यात लिहायचं. हा रकाना पुढे प्रत्येक एपिसोडला लागतो.

आता हिशोब. १४० मिनिटांतून आठ गाण्यांची अंदाजे ३२ मिनिटं काढली की कथा उरते १०८ मिनिटांची. जाहिराती आणि चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोंना तासाला मिळून १२ मिनिटांची मर्यादा आहे. म्हणजे अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये शीर्षकगीत आणि मागच्या भागाची झलक धरून मजकूर साधारण २२ मिनिटांचा बसतो. १०८ मिनिटांत पाच एपिसोड होतात. आठवड्याला सहा भागांची रोजची मालिका असेल तर शनिवार उजाडायच्या आत चित्रपट संपला! हा आकडा बैठकीत सगळ्यांसमोर फळ्यावर लिहावा.

म्हणून आमचं स्पष्ट मत: प्रेमपटाला १३ भागांची मर्यादित मालिका सर्वात मानवते. तिथे २८६ मिनिटं लागतात, म्हणजे १७८ मिनिटं नवी लिहायची. रोजच्या मालिकेसाठी जुन्या चित्रपटाचा फक्त पहिला तिसरा हिस्सा बीज म्हणून घ्यावा आणि बाकी कथा नवीच समजून चालावं. शेवट आधी ठरवून मग दोन वर्षं पाणी घालत बसलं की प्रेक्षकाला ते दुसऱ्याच महिन्यात कळतं.

हक्कांची कागदपत्रं

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ चा चित्रपट ३१ डिसेंबर २०२४ ला त्यातून मोकळा झाला. इथेच बहुतेक जण घसरतात. चित्रपट मोकळा झाला म्हणून त्यामागची कादंबरी, पटकथा, गीतांचे शब्द आणि चाली मोकळ्या होत नाहीत. त्यांची मुदत लेखक, गीतकार, संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांच्या साहित्यावरून काही करायचं तर २०३६ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागणारच, मग त्यावरचा चित्रपट कितीही जुना असो.

निर्मात्याच्या घरी गेल्यावर ‘हक्क आमच्याकडेच आहेत’ एवढ्यावर विसंबू नका. निगेटिव्हचे हक्क, दूरदर्शन प्रसारणाचे हक्क आणि रीमेकचे हक्क वेगवेगळ्या लोकांना विकलेले असू शकतात. मूळ करारापासून आजपर्यंतची साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. नवा करार लेखी आणि सहीचा हवा, आणि त्यात माध्यम, भाषा, भागांची संख्या, ओटीटी, पात्रांची नावं, शीर्षक हे सगळं स्वतंत्र लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं ठरलेलं नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो संपतो. चॅनेलच्या होकाराची वाट बघण्यात हे वर्ष सहज निघून जातं, म्हणून करारात ही अट बदलून घ्या.

अडथळा बदलणं

आपल्या नमुना कथेतली चिठ्ठी आज चालत नाही. हरवलेल्या चिठ्ठीचं काम एक फोन करतो. मग लेखक फोन हरवतात, रेंज घालवतात, नंबर ब्लॉक करतात. प्रेक्षक एकदा सोडून देतो, दुसऱ्यांदा नाही. आजच्या दोघांना एकमेकांशी बोलता येतं, हे मान्य करून अडथळा शोधायचा. बोलूनही सुटत नाही असं काय आहे?

सातारा-सांगलीकडे याची उत्तरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुलगा शेती करतो म्हणून मुलीकडचे नको म्हणतात. मुलगा सैन्यात आहे, आणि लग्न ठरवण्याचं बोलणं त्याच्या रजेच्या दिवसांतच उरकावं लागतं. मुलीला स्पर्धा परीक्षेचा एकच प्रयत्न उरला आहे आणि घरचे थांबायला तयार नाहीत. पण आपल्या कथेला सर्वात घट्ट बसतं ते हक्कसोडपत्र.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. लग्नाआधी किंवा लग्नात बहिणीकडून, पुतणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत मात्र घराघरांत आहे. आता चुलत्याला चिठ्ठी लपवायची गरजच उरत नाही. तो उघडपणे म्हणतो, लग्न कुणाशी करायचं ते कर, आधी एवढी सही दे. शिक्षक प्रामाणिकपणे सांगतो, ‘देऊन टाक सही. आपल्याला कुणाचं काही नको.’ तिला ऐकू येतं ते वेगळंच: माझा हक्क सोडायचं यानं मला न विचारता ठरवलं. दोघांचा एक शब्दही खोटा नाही, फोनही चालू आहेत, आणि तरी अंतर पडलं. असा अडथळा १३ भाग टिकतो, कारण प्रत्येक पात्राला त्यात आपली बाजू आहे.

या सीनचं बारकं टिपण. हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं, मग तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावरून नाव निघतं. कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो काढतात आणि अंगठा यंत्रावर टेकवायला लावतात. त्यामुळे सहीच्या पेनाचा क्लोजअप घेऊ नका, तो शंभर वेळा बघितलेला आहे. काचेवर अंगठा टेकतो, ठसा उमटत नाही, कारकून म्हणतो ‘पुसून परत ठेवा’. ती ओढणीला अंगठा पुसते, आणि तेवढ्या पाच सेकंदांत चुलत्याकडे बघते. सीनचा कणा ते पुसणं आहे. संवाद दोनच पुरतात. चुलता: ‘आगं, सही केली म्हंजी काय म्हायार तुटतंय व्हय?’ ती: ‘मग सही घेताय कशाला, तात्या?’

जुन्या कथेतल्या आणखी दोन गोष्टींना असाच हात घालावा लागतो. क्षय आज सहा महिन्यांच्या औषधोपचाराने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. त्याच्या जागी दुसरा जीवघेणा आजार बसवणं हा आळस आहे. दुसऱ्या भेटीत दोघांना एकत्र येता न येण्याचं कारण तिच्या संसारातूनच येऊ द्या: नवरा चांगला माणूस आहे, हेच पुरेसं अवघड आहे. दुसरी गोष्ट पाठलागाची. नकारानंतरही मुलीच्या मागे मागे जाणारा नायक त्या काळी गोड वाटायचा. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा गुन्हा आहे, आणि शाळेच्या वाटेवर हे रोज सोसणाऱ्या मुली तुमची मालिका बघणार आहेत. पुढाकार तिच्याकडे द्या. घाटावर तो आधीच बसलेला असतो आणि ती येऊन शेजारच्या पायरीवर बसते, एवढ्या बदलाने सगळा सीन ताजा होतो.

जुन्या चित्रपटातल्या तीन खुणा मात्र जशाच्या तशा ठेवा. एखादी वस्तू, एखादी लकब आणि निरोपाचा एक शॉट. तीनच. चौथी आली की नक्कल वाटायला लागते.

नवी १७८ मिनिटं कुठून आणायची

‘काही वर्षांनंतर’ या पाटीतून. जुन्या चित्रपटाने उडी मारून ओलांडलेली वर्षं ही मालिकेची खरी शेतजमीन. तिचा संसार कसा बसला, त्याची बदली कुठे झाली, सही केल्यावर माहेरचं येणं-जाणं बदललं का, पहिल्या पंचमीला तिला न्यायला कोण आलं. दुसरा साठा म्हणजे जिला जुन्या चित्रपटात फक्त पदराने डोळे टिपायचं काम होतं ती आई, आणि एकतर खलनायक नाहीतर देवमाणूस असलेला नवरा. या दोघांना स्वतःची इच्छा दिली की सत्तर-ऐंशी मिनिटं सहज उभी राहतात. जुळा भाऊ, गेलेली स्मृती, कान भरणारी आत्या यांना बोलवायची वेळ आली तर समजा, अडथळा नीट बसलेला नाही.

कथाविस्तार, पटकथा, संवाद अशी तीन कामं तीन जणांकडे असतात, तेव्हा ‘अंतर’चा रकाना तिघांकडे एकच हवा. २२ मिनिटांत तीन ब्रेक धरले तर पाच-साडेपाच मिनिटांचे चार तुकडे होतात. प्रत्येक तुकडा संपताना अंतर बदललेलं हवं. दरवाजा आपटणं, पेला पडणं, वीज चमकणं हे अंतर नव्हे. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, आणि एका भागात ८ ते १२ सीन.

बोली

साताऱ्याची बोली आणि कोल्हापूरची बोली एक नाही. साताऱ्याकडचा माणूस ‘काय करतुयास’ विचारतो, कोल्हापूरकर ‘काय करालाईस’. सगळ्या ग्रामीण पात्रांना एकच मिश्र बोली दिली की इथला प्रेक्षक पहिल्याच भागात ओळखतो. ‘लका’ हा शब्द बरोबरीच्या पोरांतला आहे, तो वडीलधाऱ्यांसमोर किंवा बायकांशी बोलताना येत नाही. आपला शिक्षक वर्गात प्रमाण भाषा बोलेल, आईशी फोनवर बोलताना ‘व्हय’, ‘न्हाय’वर येईल. हा बदल संवादातच लिहा, नटाच्या मर्जीवर सोडू नका. गावातल्या एखाद्या बोलक्या बाईकडून संवाद वाचून घेऊन ते ध्वनिमुद्रण नटांना द्यावं. कागदावरचा ‘न्हाय’ आणि तोंडातला ‘न्हाय’ यात फरक असतो.

ऋतू, ऊस आणि पाणी

इथल्या चित्रीकरणात सर्वात मोठं नुकसान होतं ते कंटिन्यूइटीचं, म्हणजे एका सीनच्या शॉट्समधल्या सलगपणाचं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ऊस असतो. नायक-नायिका उसाच्या बांधावर भेटतात, पाच दिवसांनी उरलेला अर्धा सीन घ्यायला जावं तर शेत मोकळं आणि पाचट पडलेलं. शेत ठरवताना मालकाला चार प्रश्न विचारा: लागण कुठल्या हंगामातली, आडसाली, पूर्वहंगामी की सुरू? नोंद कोणत्या कारखान्याकडे? तोड कधी अपेक्षित आहे? तुरा आला आहे का? ऊसतोडीची टोळी दारात आली की शेतकरी थांबू शकत नाही, कारण वेळेत तोड झाली नाही तर वजन घटतं. त्याला थांबवण्याचे पैसे देऊ करण्यापेक्षा त्या शेतातले सगळ्या भागांचे सीन सलग तीन दिवसांत उरकावेत. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली असतात. रस्त्यापासून दोन शेतं आतली जागा निवडली तर संवाद वाचतात.

वाईजवळच्या मेणवलीचा घाट नाना फडणविसांच्या वाड्याला लागून आहे. प्रेमकथेला यापेक्षा देखणी जागा या पट्ट्यात नाही, असं आम्हाला वाटतं. पण वरच्या बाजूला धोम धरण आहे, आणि पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात. पहिल्या दिवशी पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात ते मोजून कंटिन्यूइटीच्या वहीत लिहा, फोटो काढा. पुढच्या वेळी दोन पायऱ्या कमी दिसल्या तर कॅमेरा खाली वळवू नका, दोघांना कंबरेपासून वर घ्या. पावसाळ्यानंतर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, नायिकेच्या चपलेला खालून खरखरीत पट्टी लावावी.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर मोहात पाडते. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची. आतमध्ये ऊन उतरतं ते साधारण ११ ते १ च्या दरम्यान. आवाज घुमतो, त्यामुळे तिथे लांब संवाद लिहूच नयेत. दोन ओळी, त्याही कॉलर माइकवर, आणि कॅमेऱ्यामागे चार-पाच वाकळी टांगलेल्या. माणसं कमी न्या, जागा अरुंद आहे.

कासला सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं असतात तेव्हाच सगळ्यांना गाणं हवं असतं. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि फुलं जमिनीलगत असतात, एक पाऊल म्हणजे पुढच्या वर्षीचं बी गेलं. वन विभागाच्या परवानगीने वाटेवरूनच चित्रण करा, नाच करू नका. दोघं वाटेवर थांबून बघतात, एवढंच तिथे शोभतं. चाळकेवाडी आणि ठोसेघरच्या बाजूला कॅमेरा फिरवताना पवनचक्क्या फ्रेममध्ये येतात, आणि वारा एवढा की माइकला केसाळ टोपी घातल्याशिवाय एक शब्द हाती लागत नाही.

बैलगाडी दाखवायची असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी लागते. लहान मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती. ही कागदं शेड्यूलच्या महिनाभर आधी द्यावीत.

काळ जुनाच ठेवला तर

काही जण कथा आजच्या काळात न आणता १९६४ मध्येच ठेवतात. मग चिठ्ठी चालते, पण पाकिटावर ४१५००१ लिहिलेलं दिसता कामा नये. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. १९६० च्या नोव्हेंबरपर्यंत सांगली जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं, कथा त्याआधीच्या काळात जात असेल तर कचेरीच्या पाटीवर तेच हवं. कथा ११ डिसेंबर १९६७ ओलांडत असेल तर कोयनेचा भूकंप टाळता येणार नाही. या भागातल्या कुठल्याही घराला त्या पहाटेची आठवण आहे, आणि तुमच्या पात्रांनाही असायला हवी. वाड्याच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक मातीने झाकता येतात, डिश अँटेना उतरवता येते, पण डोंगरावरचा मोबाइल टॉवर फक्त कॅमेऱ्याच्या कोनानेच जातो.

चौकट आणि गाणं

जुनी चौकट जवळजवळ चौरस होती, रुंदी उंचीच्या १.३७ पट. टीव्हीची १६:९. जुन्या क्लोजअपमध्ये दोन चेहरे फ्रेम भरून टाकायचे, तेच आज घेतलं तर दोन्ही बाजूंना रिकामी भिंत उरते. ती रिकामी जागा फुलदाणीने भरू नका. दोघांच्या मध्ये काहीतरी ठेवा: वाड्याचा खांब, दाराची चौकट, विहिरीचा कठडा. अंतर कमी झालं की ती वस्तू फ्रेममधून काढा. संवादाशिवाय कथा कळते.

सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकत नाहीत. वाड्याच्या जुन्या वायरिंगवर दिवे जोडू नका, जनरेटर आणा आणि तो भिंतीआड दीड-दोनशे फुटांवर उभा करा.

शेवटी ते गाणं. हक्क मिळाले असतील तर दीड मिनिटाचा तुकडा पुरतो, मुखडा आणि एक अंतरा. नव्याने गाऊन घेताना एक चूक वारंवार होते. जुना चित्रपट २४ फ्रेमचा, टीव्हीवर तो बऱ्याचदा २५ ने चालवलेला असतो, म्हणजे चार टक्के वेगाने. सूरही तेवढा चढतो. काळी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, पेटीवर सापडत नाही. वादक मग अंदाजाने वरचा स्वर धरतात आणि गायिकेचा आवाज अंतऱ्यात ताणला जातो. मूळ तबकडीवरून किंवा संगीत कंपनीच्या मास्टरवरून पट्टी लावून बघा, लय मोजून कागदावर लिहा, आणि मगच ध्वनिमुद्रणाची तारीख घ्या.